पाटी फिरवून देताना

आमच्या घरात बोलणं पाटीवर चालतं. मालक तोंडानं बोलतात, मी खडूनं लिहिते. बिडकीनची जमीन कारखान्यांच्या पट्ट्यात गेली, आम्ही पडेगावला मुलाकडं राहायला आलो आणि त्याच वर्षी त्यांना मोठा ताप आला. ताप उतरला, पण जाताना कान घेऊन गेला. ते सातवी शिकलेले. मला तेव्हा एक अक्षर येत नव्हतं. मुलगा बद्रीनाथ आणि सून दोघंही वाळूजला कंपनीत जातात. दिवसभर घरात आम्ही दोघंच, आणि मी बोललेलं त्यांना कळेना. हातवारे करून भाकर मागता येते, पाणी मागता येतं. त्याच्या पुढचं काही हातांना सांगता येत नाही.

आमच्या वस्तीतल्या मारुतीच्या देवळात दमयंतीबाई जोशी बायकांना अक्षरं शिकवायच्या. त्या निवृत्त मास्तरीण. साठी ओलांडल्यावर मी त्यांच्यापुढं पाटी घेऊन बसले. का शिकतेस, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "नवऱ्याशी भांडायचंय." त्या लई हसल्या, पण खरं तेच होतं.

मग आमचं जमलं. मालक खाटेवर बसायचे, मी समोर जमिनीवर. पाटी मांडीवर घेऊन लिहायची आणि त्यांच्याकडं फिरवून द्यायची. ते मोठ्यानं वाचायचे, मोठ्यानंच उत्तर द्यायचे. आपला आवाज किती मोठा झालाय हे त्यांना कळायचं नाही. आमची भांडणं गल्लीला अर्धीच ऐकू जायची.

त्या वर्षी पाऊस सलग दुसऱ्यांदा चुकला होता. नळ आठवड्यातून एकदा, तोही रडत. आजूबाजूला मात्र इमारती चढतच होत्या. दौलताबादच्या रस्त्यावर दिवसभर पाण्याचे टँकर आणि खडीचे डंपर एकामागं एक.

दमयंतीबाईंचे मावसभाऊ केशवराव. औरंगपुऱ्यात त्यांचा जुना छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दहाव्याची कार्डं छापायचे. हळूहळू गिऱ्हाईक संगणकाकडं गेलं. यंत्र आणि शिशाचे खिळे मोडीत काढायच्या आधी ज्याला शिकायचंय त्याला शिकवतो, म्हणून त्यांनी संध्याकाळचा एक छोटा वर्ग काढला. बाई मला म्हणाल्या, "सारजा, अक्षरं तू पाटीवर बघितलीस. आता हातात घेऊन बघ. वजन असतं त्यांना."

"बाई, तिथं कॉलेजची पोरं येणार, त्यांच्यात मी म्हातारी काय करू?"

"मी काय कुक्कुलं बाळ आहे? चल. तेवढीच मला सोबत."

मालकांना पाटीवर विचारलं. ते म्हणाले, "जा की. मला काय, शांतताच हाय."

केशवराव बारीक अंगाचे, चष्म्याला दोरी बांधलेले. खिळा म्हणजे शिशाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, त्याच्या डोक्यावर एक अक्षर. पण ते अक्षर आरशात दिसतं तसं. असे खिळे एकेक करून डाव्या हातातल्या लोखंडी पट्टीत लावायचे. तिला ते स्टिक म्हणत. त्यात अक्षरं डोक्यावर उभी राहतात, शिरोरेघ खाली आणि पाय वर. विहिरीच्या काठचं झाड पाण्यात दिसावं तसं. ओळ डावीकडून उजवीकडंच जाते, पण सगळी अशी पाण्यातली. शाई लावून कागद दाबला की मगच सुलटी होते.

मी मान वाकडी करून बघायला लागले की केशवराव टोकायचे. "आजी, मान सरळ. अक्षर जसं दिसतंय तसंच वाचायचं. डोक्यात सुलटं करत बसलात तर दिवाळीपर्यंत एक ओळ व्हायची नाही."

आधी मला जमेना. मग एका संध्याकाळी जमायला लागलं. पोरांच्या डोळ्यांत सुलटी अक्षरं लहानपणापासून मुरलेली, त्यांना ती हलवणं जड जात होतं. माझी अक्षरं अजून ओली होती, वळवली तशी वळली. केशवराव म्हणाले, "आजी, तुम्हाला चाळीस वर्षांपूर्वी खिळे जुळवायला जुळारी म्हणून ठेवलं असतं." मला तेव्हा आनंद झाला. त्या आनंदाची मला आता भीती वाटते.

एका संध्याकाळी ते म्हणाले, "आज प्रत्येकानं एक नाव जुळवायचं. आपलं, नाहीतर घरातल्या कुणाचं. शेवटच्या दिवशी ते छापू आणि घरी न्यायला देऊ."

मी मालकांचं जुळवलं. रामकिसन. तोंडानं ते नाव मी लग्नातल्या उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. खिळे एकेक करून लावले. पुरं झाल्यावर बघितलं तर काळ्या शिशात त्यांचं नाव पाय वर करून उभं होतं. आमच्या गावाकडं बोलायचे की कुणाचं वाटोळं करायचं असलं तर त्याचं नाव उलटं लिहून बांधाखाली पुरतात. मी लहानपणापासून ते ऐकलेलं.

मी हळूच दमयंतीबाईंना सांगितलं. त्यांनी ते मोठ्यानं केशवरावांना सांगितलं.

"अरे केशव, तू आख्ख्या मराठवाड्यातल्या नवरदेवांची नावं उलटी जुळवलीस ना रे? सगळे नांदताहेत की नाही?"

"नांदताहेत असं मी म्हणणार नाही," केशवराव म्हणाले, "पण जिवंत आहेत."

पोरं हसली. मीही हसले. नाव सुतळीनं बांधून फळीवर ठेवलं आणि आम्ही रॉकेलच्या चिंधीला हात पुसून घरी आलो. पाणी नव्हतं. घरी गेल्यावर साबणानं धुवा, शिसं पोटात जाऊ देऊ नका, असं केशवराव रोज बजावायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाटीवर लिहिलं, ठेचा वाढू का पिठलं, आणि पाटी फिरवून दिली. मालकांनी ती जवळ धरली, लांब धरली. मग मान हलवली.

आता ठेचा का पिठलं याला मान हलवून उत्तर होत नाही. मी दोन्ही वाढलं. ते गुमान जेवले.

संध्याकाळी लिहिलं, बद्रीनाथला उशीर होणार आहे. मान हलली. सकाळी लिहिलं, दाढी कधी करणार, जंगल वाढलंय. ह्यावर ते एरवी गल्ली गोळा होईल असं काही बोलले असते. मान हलली.

ती मान माझ्या ओळखीची होती. तापानंतर कान हळूहळू जात होते तेव्हा त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. लोक बोलायचे, हे मान हलवायचे. कान गेलेत हे मला कळलं ते लई उशिरा. तीच मान आता परत आली होती. म्हणजे आतून आणखी काहीतरी चाललं होतं. आणि सुरू झालं ते मी त्यांचं नाव उलटं जुळवल्यापासून.

दिवसागणिक ते गप्प होत गेले. रोज पेपर आला की पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचायचे. आता पेपर घडी न मोडता खाटेखाली पडून राहायला लागला. मी जास्त लिहायला लागले. बरं नाही का, डोकं दुखतं का, दवाखान्यात जायचं का. जेवढं लिहीन तेवढे ते पाटीकडं भ्यायल्यासारखे बघत. पाटी माझ्या हातात दिसली की तोंड भिंतीकडं करून झोपायचे. सुलटं सांगायचं तर मला माझ्याच घरात हाक मारायला माणूस उरला नव्हता.

मनात नाही नाही ते यायचं. हाताला लागलेलं शिसं भाकरीच्या पिठात गेलं का? पाण्याची काटकसर म्हणून मी हात नीट धुतलेच नव्हते. त्यांच्या मेंदूला पुन्हा ताप चढला का? रात्री मी उठून त्यांच्या नाकापुढं बोट धरून बघायचे.

बद्रीनाथला बोलले. तो म्हणाला, "वय झालंय गं आई. उन्हानं असंल. रविवारी घाटीच्या दवाखान्यात दाखवू."

रविवारपर्यंत मला दम निघेना. वर्गात गेले आणि केशवरावांना म्हणाले, "मी जुळवलेलं ते नाव सोडून टाका."

"आजी, अहो परवा तर छापायचंय."

"मला छापायचं नाही. ते मोडा."

दमयंतीबाईंनी माझ्याकडं बघितलं. "तेच घेऊन बसलीस ना अजून? मी तुला शिकवलं ते ह्यासाठी?"

"बाई, तुमचे हे असते आणि ते असे भिंतीकडं तोंड करून पडले असते, तर तुम्ही काय केलं असतं?"

केशवरावांनी सुतळी सोडली. नाव मोडताना कुणी हसलं नाही. एकेक खिळा उचलून मी त्याच्या त्याच्या खणात टाकला. घरी आले तर मालक तसेच पडलेले. मी लिहिलं, आता बरं वाटेल, आणि पाटी त्यांच्यापुढं धरली. त्यांनी बघितलं. ओठ हलले, पण आवाज आला नाही. मग त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. म्हणजे नाव मोडूनही काही सुटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर टँकर आला. मी घाईघाईनं लिहिलं, टँकर आलाय, मी खाली जाते, तुम्ही घरातच थांबा. पाटी त्यांच्या हातात दिली आणि हंडे घेऊन पळाले. रांगेत भांडण झालं, वेळ गेला. दोन हंडे घेऊन वर आले तर दार सताड उघडं. खाट रिकामी. पाटीही नव्हती.

हंडे तिथंच ठेवून मी खाली आले. ज्याला ऐकू येत नाही असा माणूस, बाहेर ते डंपर. बद्रीनाथनं त्यांना एकट्यानं मोठ्या रस्त्याला जायची बंदीच केली होती.

कोपऱ्यावर सांडूचं चहाचं दुकान आहे. तो म्हणाला, "काका आत्ताच गेले की, दौलताबादच्या अंगाला. हातात पाटी हाय. म्या मागून हाका मारल्या."

"त्यांना ऐकू येतं का रे?"

"ते म्हाईत हाय मावशी. तरी हाक तोंडातून निघतीच ना. आन एक सांगू, प्रत्येक दुकानापुढं उभे राहत व्हते. दुकानावरची पाटी वाचायची आन पुढं जायाचं."

मला काही उमगलं नाही. मी रस्त्याच्या कडेनं निघाले. डंपर गेला की धुळीत समोरचं काही दिसायचं नाही. धूळ खाली बसली की मी आधी रस्त्याकडंच बघायचे, पांढरं काही पडलंय का म्हणून. त्यांचं धोतर पांढरं.

पुढं वळणावर एक टँकर रस्त्यात आडवा थांबलेला दिसला. मागं गाड्यांचे हॉर्न. माणसं गोळा झालेली. टँकरच्या नळातून पाणी गळून रस्ता ओला झाला होता आणि मला दुरून ते पाणी आहे हे कळेना. माझे पाय जागेवर थांबले. पुढं जायचं होतं, पण पाय उचलेनात. एका बाईनं दंडाला धरून विचारलं, मावशी, चक्कर आली का? तेव्हा कुठं मी हलले.

गर्दीतून आत घुसले. मालक उभे होते. टँकरच्या तोंडाशी, हातभर अंतरावर, टँकरकडं पाठ करून. ड्रायव्हर खिडकीतून शिव्या देत होता. ह्यांची नजर वर. तिथं नव्या इमारतींची मोठी पाटी लावलेली होती, रंगीत, दोन मजली उंचीची. ते एकेक शब्दावर बोट रोखून गल्लीभर आवाजात वाचत होते.

"स्वप्नातलं घर. चोवीस तास पाणी. आजच भेट द्या."

"काका, आम्हाला बी न्या तिथं," मागून एक जण म्हणाला. "चोवीस तास नको, अर्धा तास आलं तरी चालंल."

लोक हसले. मी त्यांचा दंड धरून त्यांना कडेला ओढलं. टँकर दोन-चार हात पुढं जाऊन पुन्हा गाड्यांत अडकला. मालकांनी मला बघितलं. एवढ्या दिवसांत त्यांच्या तोंडावर मी पहिल्यांदा जीव बघितला.

"सारजे, वाचता येतंय मला," ते म्हणाले. "सगळं येतंय. न्हाव्याचं दुकान आलं, मेडिकल आलं, यष्टीची पाटी आली. घरात पेपर उघडायची हिंमत व्हईना. तू बघत बसायचीस. म्हणलं बाहीर जाऊन बघावं, आपलं डोस्कं गेलंय का ऱ्हायलंय." मग त्यांनी काखेतली आमची पाटी काढून माझ्यापुढं धरली. "पर ह्ये येत नाय. लई दिस झाले. फकस्त तुझंच येत नाय. कान गेले तसं ह्ये बी चाललं का?"

दुपारी घाईत लिहिलेलं तसंच होतं. त्यांनी धरली होती तशीच मी ती बघितली. शिरोरेघ होती, काने होते, वळणं होती. पण एकही अक्षर ओळखू येईना. मराठीसारखं दिसणारं काहीतरी. मग मी पाटी फिरवून माझ्याकडं केली, लिहिताना मांडीवर असते तशी. टँकर आलाय, मी खाली जाते. सगळं नीट वाचता आलं. रेघ खाली, पाय वर. पाण्यातली अक्षरं. स्टिकमधली.

मी इतके दिवस अशीच लिहीत होते. माझ्या डोळ्यांना त्यात वावगं काहीच दिसत नव्हतं. लिहायची, फिरवून द्यायची, आणि समोर बसलेल्या माणसाला आरशातलं काहीतरी जायचं. त्यांना वाटलं डोकं गेलं. मला वाटलं करणी झाली.

मी स्वतःच्या छातीवर हात मारून दाखवलं, मी, मी. मग कपाळावर हात मारला. ते बघत होते. "व्हय," ते म्हणाले, "डोस्कंच. माझं बी तेच म्हणणं हाय." मी नाही नाही अशी मान जोरानं हलवली, हात जोडले. ते आणखी घाबरले. हातांना ह्याच्या पुढचं सांगता येत नाही. लिहायलाच पाहिजे होतं, आणि लिहायचा भरवसा उरला नव्हता.

पाटी पुसली. कमरेला खोवलेल्या पिशवीत खडू असतोच. रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसून, रेघ वर आहे असं मनाला बजावत सुलटं लिहायचा प्रयत्न केला आणि लिहून झाल्यावर पाटी फिरवून बघितली. परत तेच. हात आपल्या वाटेनं गेला होता. अक्षरं मी लई उशिरा मिळवली होती. ती अशी हातातल्या हातात पालथी झाली तर आम्ही दोघं एका घरात मुकेच मरणार.

टँकरचं पाणी अजून टपकत होतं. का सुचलं ते सांगता येत नाही. मी उठले, पदराचं टोक त्या नळाखाली भिजवलं, पिळलं. माझं लुगडं गडद निळं होतं. पाटी पुसून, हात जातो तसा जाऊ देत, खडू दाबून दाबून लिहिलं. मग ओला पदर पाटीवर पसरला, छापखान्यातल्या कागदासारखा तळव्यानं सगळीकडून दाबला आणि हळूच सोलून काढला.

निळ्यावर पांढरं उतरलं होतं. फिकं, पण उतरलं होतं. मी पदर दोन्ही हातांत ताणून त्यांच्यापुढं धरला.

ते मोठ्यानं वाचायला लागले. "चूक माझ्या हाताची हाय. तुमचं डोकं नीट हाय." अख्ख्या गर्दीनं ऐकलं. ड्रायव्हर शिव्या द्यायचा थांबला. मालकांनी ते पुन्हा वाचलं, ह्या वेळी मनात, नुसते ओठ हलवत. मग तोंडावरून हात फिरवला आणि माझ्याशेजारी दगडावर बसले. आम्ही असे शेजारी क्वचितच बसतो.

थोड्या वेळानं त्यांनी माझ्या उजव्या हाताकडं बघितलं. "म्हंजे आता तुला लिहिता येत नाय?"

मी तो हात उलटसुलट करून बघितला. मला ठाऊक नव्हतं.

"त्या छापखान्यात झालं का ह्ये?"

मी होय म्हणून मान हलवली.

"मंग उद्यापून जाऊ नको." त्यांनी पाटी आपल्या मांडीवर घेतली, कोपरानं स्वच्छ पुसली आणि दोघांच्या मधोमध धरली, फिरवायची गरज पडणार नाही अशी. "पाणी लिही," ते म्हणाले. "त्यो बघ, वर लिव्हलाय शब्द. बघून लिही."

मी वर बघितलं. रंगीत पाटीवर तो शब्द माणसाएवढा मोठा होता, रेघ वर, पाय खाली. बघेपर्यंत सुलटा होता. खडू टेकवला आणि लिहून झालं तेव्हा मला तो नीटच वाटला. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं.

"नाय," ते म्हणाले.

पुन्हा पुसलं. पुन्हा लिहिलं. आता मी अर्ध्यातच थांबून त्यांच्याकडं बघायला लागले, पुढं जाऊ का म्हणून. ऊन उतरलं होतं, गर्दी पांगली, टँकर गेला. पाठीमागून डंपर जात होते आणि प्रत्येक हॉर्नला मी दचकत होते. त्यांना काही ऐकू येत नव्हतं. ते माझ्या बोटांकडं टक लावून बसले होते.

"नाय. परत."

त्यांनी कोपरानं पाटी पुसली आणि माझ्यापुढं धरली.